पडक्या शाळांची छायाचित्रे आणि वऱ्हाडातील शाळेची ओसरी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या शेतांच्या कडेला, पाइन वृक्षांच्या सावलीत, लाकडी फळ्यांच्या काही जुन्या शाळा आजही ओस पडलेल्या आढळतात, आणि गेल्या काही दशकांत तेथील अनेक छायाचित्रकारांनी त्यांचे चित्रण आस्थेने केले आहे. त्यांपैकी अँड्र्यू फाइलर यांनी अशा १०५ शाळांना भेट दिली आणि त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांचा ग्रंथ २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. या इमारतींच्या उंच खिडक्यांची ओळ प्रथम लक्ष वेधून घेते. ज्या काळात या शाळा बांधल्या गेल्या त्या काळात त्या वस्त्यांत वीज पोहोचलेली नव्हती, आणि दिवसाचा उजेड जास्तीत जास्त वेळ वर्गात राहावा अशा बेताने इमारतीची दिशा व खिडक्यांची उंची ठरवली जात असे. या सर्व शाळा केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी होत्या. गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, अधिक खर्चाच्या आणि अधिक सोयींच्या होत्या, आणि ही विभागणी कायद्याने केलेली होती.

ही छायाचित्रे पाहणाऱ्या मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला पाहिजे. शिक्षणातील विषमता महाराष्ट्रात अमेरिकेहून कमी जुनी नाही आणि कमी कठोरही नव्हती. मग तिची अशी छायाचित्रे मराठी समाजाच्या संग्रही का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसते की येथे वेगळेपणा बहुतेक ठिकाणी वेगळ्या इमारतीत न राहता त्याच शाळेच्या ओसरीवर, म्हणजे वर्गखोलीबाहेरच्या छपराखालच्या उघड्या जागेत राहिला, आणि ओसरीवर बसवलेली मुले उठून गेल्यावर तेथे खूण उरली नाही. जी विषमता खूण ठेवत नाही ती पुढच्या पिढीला घडलीच नव्हती असे वाटू लागते, आणि म्हणून तिचा पुरावा जाणीवपूर्वक गोळा करावा लागतो.

अमेरिकेतील शाळा ओस का पडल्या

अमेरिकेत यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, परंतु दक्षिणेतील राज्यांनी वर्णाच्या आधारे सार्वजनिक जीवन विभागणारे कायदे केले, आणि १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात अशा विभागणीला मान्यता दिली. सोयी समान असल्या तर त्या वेगळ्या असण्यास हरकत नाही, हे त्या निकालाचे सूत्र होते. प्रत्यक्षात वेगळेपणा कसोशीने पाळला गेला आणि समानता कागदावर राहिली. या परिस्थितीत कृष्णवर्णीयांचे शिक्षणनेते बुकर टी. वॉशिंग्टन आणि सिअर्स-रोबक या व्यापारी कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी एक योजना आखली. तिच्यातून १९१२ ते १९३२ या काळात १५ राज्यांत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. योजनेची अट अशी होती की खर्चाचा काही भाग रोझेनवाल्ड यांच्या निधीतून मिळेल, परंतु उरलेला भाग स्थानिक लोकांनी व शासनाने उभा करावा. आणि खंडाने शेती करणाऱ्या गरीब कुटुंबांनी रोख रक्कम, जमीन, लाकूड आणि श्रम देऊन आपला वाटा उचलला.

१७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की शिक्षणात वेगळेपणा हाच मुळात विषमता आहे. या निर्णयात पाच खटले एकत्र केलेले होते आणि त्यांतील एक व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल या गावचा होता. तेथे २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय मुलांनी शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध संप केला होता, कारण जागा अपुरी पडल्याने त्यांचे वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत होते. निकालानंतरही त्या परगण्याने गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना एकत्र बसवण्याऐवजी १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सर्व सार्वजनिक शाळा बंद ठेवल्या. अखेरीस विलीनीकरण झाले तेव्हा बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करून त्यांची मुले गोऱ्यांच्या शाळांत पाठवण्यात आली, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. छायाचित्रांतील ओस इमारती या घडामोडीच्या साक्षी आहेत. त्यांत अन्यायाचा अंत दिसतो, आणि लोकांनी पोटाला चिमटा घेऊन उभारलेल्या संस्थेचा अंतही दिसतो. म्हणूनच त्या शाळांत शिकलेली वृद्ध माणसे त्यांच्याविषयी दुःखाने आणि अभिमानानेही बोलतात.

कापसाने जोडलेले दोन प्रदेश

वऱ्हाडाचा आणि अमेरिकेच्या त्या दक्षिण भागाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. गुलामांच्या श्रमावर पिकणारा अमेरिकी कापूस यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता; कापसामुळे येथे रेल्वे आली, बाजारपेठा वाढल्या, सरकी काढणाऱ्या जिनिंगचे कारखाने उभे राहिले, आणि तालुक्याच्या गावांत सरकारी शाळा निघाल्या. परंतु गावकुसाबाहेर राहणाऱ्या महार, मांग, चांभार या जातींच्या मुलांना त्या शाळांत सन्मानाने बसता येईल अशी व्यवस्था कापसाच्या पैशाने केली नाही.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मोर्शी तालुक्यात तर हा विरोधाभास अधिक ठळकपणे जाणवतो. संत्र्याच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्राचीन स्थान आहे. तेराव्या शतकात याच परिसरात पंथाचे गुरू गोविंदप्रभू वावरले आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ या आद्य मराठी गद्यग्रंथाची सिद्धता केली, म्हणून मराठी गद्याचा उगम शोधणारा अभ्यासक रिद्धपूरला येतोच. शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठीही हीच भूमी निवडली. गोविंदप्रभूंच्या चरित्रात शिवाशिव न मानणाऱ्या वर्तनाच्या अनेक लीळा आहेत, आणि ज्ञान लोकभाषेत, स्त्रियांना व शूद्रांनाही मिळावे हा या पंथाचा आग्रह होता. ज्या भूमीत सातशे वर्षांपूर्वी ज्ञानाची दारे उघडण्याचा असा प्रयत्न झाला, त्याच वऱ्हाडात विसाव्या शतकातही अस्पृश्य मानलेल्या जातींना शाळा, विहीर आणि मंदिर यांच्या प्रवेशासाठी चळवळ करावी लागली.

वर्गाबाहेर बसण्याची व्यवस्था

सरकारी शाळा सर्वांसाठी आहेत की नाहीत हा प्रश्न पश्चिम भारतात प्रथम धारवाड येथे निघाला, आणि ते गाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. १८५६ च्या जून महिन्यात एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी दरवाजा उघडला तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सरकारी संस्था सर्व वर्गांना खुल्या असाव्यात असे तत्त्व घालून दिले. पुढे १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने, म्हणजे देशातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीने, ते तत्त्व पुन्हा मान्य केले, परंतु त्याची अंमलबजावणी सावधपणे करावी आणि जेथे विरोध होईल तेथे खालच्या मानलेल्या जातींसाठी खास शाळांना उत्तेजन द्यावे, असेही सुचवले.

तत्त्व मान्य करणे आणि अंमल पुढे ढकलणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की मधल्या जागेत एक तडजोड जन्माला येते, आणि शाळेची ओसरी ही ती तडजोड होती. मुलाचे नाव पटावर असे, त्यामुळे प्रवेश नाकारला असे कोणी म्हणू शकत नव्हते. तो वर्गात बसत नसे, त्यामुळे इतर पालकांची तक्रार राहत नव्हती. इतिहासकार फिलिप कॉन्स्टेबल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अस्पृश्यांच्या शैक्षणिक लढ्यावर लिहिलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासलेखाला शाळेच्या ओसरीवर बसण्याचेच शीर्षक दिले आहे, इतकी ही पद्धत रूढ होती. ओसरीवरून फळा धड दिसत नाही, गुरुजींचा आवाज अर्धवट पोहोचतो, पाटी तपासायला कोणी हात लावत नाही, आणि पावसाळ्यात झड आत येते. म्हणजे शिक्षण नाकारल्याचे कोठेही लिहून न ठेवता ते नाकारण्याची ही पद्धत होती.

या व्यवस्थेचा सर्वांत स्पष्ट पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर लेखनात मिळतो. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गातील इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे; शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसल्याने संध्याकाळी ते घरी न्यावे लागे आणि सकाळी पुन्हा आणावे लागे. पाण्याचा नळ स्वतः उघडण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, आणि शिपाई नसेल तर तहान, असा नियम होता. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तेथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा’ या नावाने त्यांचा प्रवेश झाल्याची नोंद रजिस्टरमध्ये जपलेली आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरच्या त्या पानाचे छायाचित्र काढता येते. गोणपाटाचे आणि नळाचे छायाचित्र नाही. लिहिणारा विद्यार्थी आंबेडकर होता म्हणून त्या दोन वस्तू इतिहासात राहिल्या. त्याच काळात महाराष्ट्रातील गावोगावच्या ओसऱ्यांवर बसलेल्या आणि दुसरी-तिसरीतूनच घरी परतलेल्या मुलांनी लिहिले नाही.

वेगळी शाळा: आसरा आणि अडसर

काही ठिकाणी मात्र वेगळ्या शाळा खरोखरच निघाल्या, आणि त्यांचा इतिहास अमेरिकेतील शाळांइतकाच दुहेरी आहे. महात्मा जोतीराव फुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५० च्या दशकात पुण्यात महार-मांग मुलांसाठी शाळा चालवल्या. तेथे शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापला गेला, आणि तो वाचणाऱ्याला वेगळ्या शाळेने काय साधले हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात फुल्यांनी दाखवून दिले की वरच्या जातींच्या मुलांजवळ बसू देत नसल्याने या जातींची मुले जवळजवळ सर्व शाळांतून वगळलेली आहेत, सरकारने काढलेल्या खास शाळा मोठ्या शहरांपुरत्याच आहेत, आणि पुण्यात त्या वर्गाची लोकसंख्या पाच हजारांहून अधिक असताना तिच्यासाठी एकच शाळा असून तिच्यात तीससुद्धा मुले येत नाहीत. १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्यातील हायस्कुलांत आणि महाविद्यालयांत अस्पृश्य विद्यार्थी एकही नव्हता.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी अंत्यज मानलेल्या जातींसाठी खास शाळा काढल्या, तेव्हा हिंदू शिक्षक तेथे शिकवण्यास तयार होईनात आणि मुसलमान शिक्षक नेमावे लागले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशननेही मुंबईत प्रथम शाळाच उघडली. या सर्वांनी वेगळी शाळा हा मुक्काम मानला नव्हता. सार्वजनिक शाळेचे दार बंद असताना मुलांची पिढी वाया जाऊ नये म्हणून घेतलेला तो आसरा होता. दार उघडण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांच्यापैकी राजर्षी शाहू महाराजांनी तो निःसंकोचपणे वापरला. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढल्यानंतर १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांबरोबर त्याच शाळांत घेण्याचा आदेश दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला हा निष्कर्ष काढण्यास आणखी ३५ वर्षे लागली.

विदर्भात वेगळ्या शाळेचा सर्वांत उज्ज्वल अध्याय नागपुरात लिहिला गेला, आणि तो अस्पृश्य समाजातील लोकांनी स्वतः लिहिला. किसन फागुजी बनसोड यांनी १९०७ मध्ये संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्यानंतर जाईबाई चौधरी यांनी १९२० च्या दशकात त्याच नावाची कन्याशाळा चालवली. जाईबाई स्वतः हमालीचे काम करून पोट भरत होत्या. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, परंतु अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते या कारणावरून वरच्या जातींच्या पालकांनी विरोध केला आणि त्यांना ती नोकरी सोडावी लागली. या अपमानातून उभी राहिलेली शाळा अस्पृश्य मुलींसाठी घराबाहेरचे निर्भय ठिकाण ठरली. पुढे ‘दोहरा अभिशाप’ हे आत्मकथन लिहिणाऱ्या कौसल्या बैसंत्री याच शाळेत आरंभी शिकल्या, आणि तेथून सर्व जातींच्या मुलींच्या शाळेत गेल्यावर त्यांना जात लपवण्याचा ताण किती सोसावा लागला हे त्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्या माणसांच्या शाळेत मिळणारा आत्मविश्वास आणि सर्वांच्या शाळेत मिळणारा अपमान यांतून निवड करण्याची पाळी मुलांवर येऊ नये, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये हाच प्रश्न उपस्थित करून असे प्रतिपादन केले की कृष्णवर्णीय मुलाला वेगळ्या शाळेची किंवा मिश्र शाळेची गरज नसून चांगल्या शिक्षणाची गरज आहे. याच ड्यू बॉइस यांच्याशी डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला होता. आणि त्याही आधी, १८७३ मध्ये, फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला होता.

वंशभेद आणि जातिभेद यांना मात्र एकच मानणे चुकीचे ठरेल. जातींचा उगम वंशात आहे हे मत डॉ. आंबेडकरांनी १९१६ पासून सातत्याने नाकारले. अमेरिकेत कातडीचा रंग दुरूनच ओळखू येतो. येथे स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांच्या रंगरूपात तसा भेद नाही, म्हणून तो बसण्याच्या जागेने, पाण्याच्या भांड्याने, आडनावाने आणि वस्तीच्या नावाने रोज नव्याने निर्माण करावा लागतो. वेगळ्या इमारतीचा खर्च न करताही येथे वेगळेपणा टिकला, याचे कारण हेच आहे.

अमरावतीचे प्रयत्न

मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला आणि त्याने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली; परंतु १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेल्या वऱ्हाडाला तो लागू नव्हता. वऱ्हाडात ही लढाई वेगळी लढावी लागली. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेशासाठी चळवळ झाली, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात येथील इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. या चळवळीत अस्पृश्य समाजातील पुढारी गणेश आक्काजी गवई आणि कुणबी शेतकरी कुटुंबातून आलेले, इंग्लंडमध्ये शिकून परतलेले डॉ. पंजाबराव देशमुख हे दोघेही होते.

पंजाबराव १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे, म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेच्या पूर्वरूपाचे, अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराला प्राधान्य दिले. त्यांनी अमरावतीत काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींचे विद्यार्थी एका छपराखाली राहून एका पंगतीला जेवत. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने पुढे खेड्यापाड्यांत शाळा नेल्या. याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून, जेवणाचे ताट विका पण पोराला शिकवा, अशा अर्थाचा उपदेश आयुष्यभर केला, आणि पंढरपूरला अस्पृश्य यात्रेकरूंसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मोर्शीपासून जवळच असलेल्या मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर हाच विचार वऱ्हाडच्या गावागावांत नेला. अशा प्रयत्नांनंतरच्या पिढीत महार कुटुंबात जन्मलेल्या कुमुद पावडे संस्कृत शिकल्या आणि अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात त्या भाषेच्या प्राध्यापिका झाल्या. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने फारसी घ्यावी लागली होती, हे आठवले म्हणजे या घटनेचे मोल कळते. मात्र संस्कृत शिकलेल्या दलित स्त्रीकडे लोक कोणत्या कुतूहलाने आणि किती दुराव्याने पाहत, हेही त्यांनी ‘अंतःस्फोट’ या पुस्तकात तितक्याच स्पष्टपणे नोंदवले आहे.

पुरावा कोठे शोधायचा

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून शाळेत किंवा वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. ओसरीवरची मुले हळूहळू वर्गात आली, आणि त्यांच्यासाठी वेगळी इमारत नव्हती म्हणून कोणतीही इमारत ओस पडली नाही. जुन्या शाळागृहांच्या जागी सिमेंटच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि ओसऱ्या पाडल्या गेल्या. आठवणीच्या बाबतीत मराठी समाजाने एकूणच हयगय केली आहे. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केलेला पुण्याचा भिडे वाडा अनेक वर्षे जीर्ण अवस्थेत पडून होता, न्यायालयीन वाद दीर्घकाळ चालला, आणि स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला तेव्हा मूळ वास्तू वृत्तपत्रांतील छायाचित्रांपुरती उरली. अमेरिकेत रोझेनवाल्ड शाळांना २००२ मध्ये देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीत स्थान मिळाले आणि फार्मव्हिलची संपाची शाळा आज संग्रहालय आहे. महाराष्ट्रात महार-मांग मुलांच्या पहिल्या शाळा नेमक्या कोणत्या जागेवर भरत होत्या हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावे अशी व्यवस्था नाही.

तरीही एक पुरावा गावोगावी शिल्लक आहे, आणि तो म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस, इयत्ता आणि सोडण्याचे कारण यांची नोंद त्यात असते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १९५० पूर्वीची किंवा १९६७ पूर्वीची नोंद हवी असते तेव्हा वऱ्हाडातील असंख्य कुटुंबे आजोबांच्या शाळेत जाऊन हेच रजिस्टर उघडायला लावतात, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात शासनानेही अशी जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली. ज्या रजिस्टरमधून जात सिद्ध होते, त्यातून त्या जातीला काय मिळाले नाही हेही वाचता येते. एखाद्या शाळेत पहिली महार मुलगी कोणत्या साली दाखल झाली, पहिला मातंग मुलगा कोणत्या इयत्तेत शाळा सोडून गेला, कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, आणि त्याच वर्षी दाखल झालेली इतर मुले कोठवर पोहोचली, हे ओळीने मांडले तर त्या गावाच्या विषमतेचा असा इतिहास तयार होईल जो नाकारता येणार नाही.

आजची शाळा

हा इतिहास जपण्याची गरज केवळ भूतकाळासाठी नाही. आज गावातील ऐपतदार घरांतील मुले बसने तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत जातात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुतांशी शेतमजूर, दलित, भटक्या व आदिवासी कुटुंबांतील मुले उरतात. पैशाच्या आधारे झालेली ही विभागणी कोणत्याही हुकमाने झालेली नाही, परंतु तिची रेषा जातीच्या जुन्या रेषेवरून बऱ्याच अंशी जाते. २०१० पासून अंमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवल्या, कारण वेगवेगळ्या थरांतील मुलांनी एका वर्गात बसावे ही त्यामागची भूमिका होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या तरतुदीतून सूट देणारी अधिसूचना काढली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ती रद्द केली. गरीब मुलासाठी वेगळी शाळा जवळच आहे, मग त्याने या शाळेत येण्याची गरज काय, हा युक्तिवाद १८५६ च्या धारवाडमधील उत्तराशी किती जुळतो हे इतिहास माहीत असणाऱ्यालाच ओळखता येते.

दुसरीकडे कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. ज्या वाडीतून ऐपतदार मुले आधीच निघून गेली तेथे पट कमी होतो, पट कमी झाला की शाळा बंद करण्याचा प्रस्ताव येतो, आणि शाळा दूर गेली की सर्वांत आधी मजुराच्या मुलीचे शिक्षण थांबण्याची भीती असते. ओस पडलेल्या शाळांची छायाचित्रे महाराष्ट्रात अजून काढली गेली नसतील, तर ती काढण्याची वेळ येऊ द्यायची की नाही हा निर्णय या पिढीच्या हाती आहे.

त्या निर्णयाची सुरुवात तालुक्याच्या पातळीवर होऊ शकते. मोर्शीसारख्या तालुक्यातील जुन्या शाळांची रजिस्टरे वाळवी आणि ओल यांच्या हाती सोडून न देता त्यांच्या प्रतिमा काढून त्या जतन कराव्यात. त्यांचा अभ्यास महाविद्यालयांनी, नावे उघड न करता, विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. ओसरीवर बसून शिकलेली जी वृद्ध माणसे आज हयात आहेत त्यांच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि रिद्धपूरच्या मराठी विद्यापीठाने हे काम आपले मानावे. ग्रामसभेने आपल्या शाळेचा पट दरवर्षी तपासून कोणत्या घरांची मुले येथे आहेत, कोणत्या घरांची नाहीत आणि मधेच शाळा सोडणारी मुले कोणती, हे उघडपणे विचारावे. शाळेचे दार कायद्याने उघडले तेव्हा समतेचे काम सुरू झाले. ते पूर्ण झाले असे तेव्हाच म्हणता येईल जेव्हा सरपंचाचे आणि त्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराचे मूल एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून शेवटच्या इयत्तेपर्यंत शिकेल, आणि असा वर्ग गावच्या शाळेत भरवणे हे पालक, शिक्षक आणि शासन या तिघांचेही बंधनकारक कर्तव्य मानले जाईल.